किरणांना जात नसते म्हणे!

‘किरणोत्सार माणूस बघून येत नाही. त्याला ना जात कळते, ना धर्म, ना पगार.’ समाजशास्त्राच्या वर्गात, पर्यावरणाच्या परिषदेत, अणुऊर्जेवरच्या चर्चेत हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. ऐकणारे माना डोलावतात. पुढचा साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. किरणांना जात कळत नसेल, तर भाजलेले, आजारी पडलेले आणि उठवलेले लोक दर वेळी त्याच त्याच वस्त्यांतले कसे निघतात?

मला या वाक्याशी भांडायचं आहे. हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं आपण सांगितलं नाही तर दुसरं कुणी सांगणार नाही.

समाजशास्त्रात या वाक्याला मोठा आधार दिला जातो तो उल्रिख बेक या जर्मन अभ्यासकाचा. १९८६ साली, म्हणजे चेर्नोबिलच्या वर्षीच, त्यांचा ‘जोखीम समाज’ या कल्पनेवरचा ग्रंथ आला. आधुनिक धोके वर्गाच्या भिंती ओलांडतात, श्रीमंतालाही सोडत नाहीत, असा त्यातला एक मोठा मुद्दा. चेर्नोबिलनं तो खरा करून दाखवल्यासारखं झालं. २६ एप्रिल १९८६ ला तिथली अणुभट्टी फुटली आणि दोन दिवसांत स्वीडनमधल्या अणुवीज केंद्रातली यंत्रं वाजू लागली. ब्रिटनच्या डोंगरांत पाऊस पडला, सीझियम गवतावर उतरलं, आणि तिथल्या काही मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडलं. कण सीमा ओलांडतात, यात वादच नाही.

बेक इतके भाबडे नव्हते. धोके गरिबांच्या दारात साचतात हे त्यांनीही लिहिलं आहे. पण आपल्याकडच्या वर्गांत उरलं ते फक्त ‘धोका सगळ्यांना सारखा’ एवढंच. हे ज्यांच्या सोयीचं होतं त्यांनी ते उचललं. धोका सगळ्यांचा म्हटला की तो कुणाचाच राहत नाही, आणि जबाबदारीही कुणाची राहत नाही.

आधी विज्ञान नीट समजून घेऊ. आपल्यापैकी अनेकांना दहावीत ‘अल्फा, बीटा, गॅमा’ हे परीक्षेपुरतं पाठ करायला लावलं, आणि पुढे आपण कलाशाखेत आलो की तो विषय ‘त्यांचा’ झाला. तो त्यांचा नाही.

काही अणूंचं केंद्र अस्थिर असतं. ते स्थिर व्हायला बघतं आणि त्या वाटेवर ऊर्जा बाहेर फेकतं. अल्फा कण जड असतो. कागदाचा कपटा किंवा आपली कातडीही त्याला अडवते. पण तोच कण सोडणारी धूळ श्वासातून फुप्फुसात किंवा पाण्यातून हाडात पोहोचली, तर आजूबाजूच्या पेशींची सगळ्यात जास्त नासाडी तो करतो. बीटा कण कातडीत शिरतो. गॅमा किरण शरीराच्या आरपार जातात. त्यांना अडवायला शिशाचा जाड थर लागतो. तिघांचाही मार शेवटी पेशीतल्या डीएनएवर बसतो. मार मोठा असेल तर पेशी मरतात: उलट्या होतात, केस गळतात, कातडी काळी पडते, रक्तातल्या पेशी घटतात. मार लहान पण रोजचा असेल, तर बिघडलेली पेशी जगते आणि वर्षांनी कर्करोग होण्याची शक्यता वाढते.

शरीर यात फसतं. किरणोत्सारी आयोडीन आणि साधं आयोडीन त्याला वेगळं ओळखता येत नाही, म्हणून ते थायरॉइड ग्रंथीत साठवलं जातं. रेडियम आणि स्ट्राँशियम कॅल्शियमसारखे वागतात, म्हणून हाडांत जाऊन बसतात. सीझियम पोटॅशियमच्या वाटेनं स्नायूंत पसरतं. प्रत्येकाचं अर्धायुष्य वेगळं, म्हणजे शक्ती निम्मी व्हायला लागणारा काळ वेगळा: आयोडीन-१३१ चा आठ दिवस, कोबाल्ट-६० चा सव्वापाच वर्षं, सीझियम-१३७ चा तीस वर्षं, रेडियम-२२६ चा सोळाशे वर्षं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. किरण अंगावरून जाणं वेगळं आणि कण अंगाला चिकटणं वेगळं. ज्याच्यावर फक्त गॅमा किरण पडले तो माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याच्या शेजारी बसल्यानं कुणाला काही होत नाही. ज्याच्या अंगाला, कपड्यांना, केसांना कण चिकटले, त्याला धुऊन काढावं लागतं. कण शरीराच्या आत गेले असतील तर उपचार अवघड होतात.

कण जातो वाऱ्यानं, पावसानं, पाण्याच्या उतारानं, गवतातून दुधात, भाजीतून ताटात. इथपर्यंत भौतिकशास्त्र. पण वाऱ्याच्या खाली कोण राहतं? उताराच्या तळाशी कुणाचं घर आहे? शिशाचा थर कोण फोडतं? धुळीचे कपडे कोण धुतं? ही उत्तरं भौतिकशास्त्र देत नाही. ती या देशात जात देते.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पाठ्यपुस्तकाशिवाय ठाऊक होतं. गावगाड्यात आपली वस्ती बहुतेक ठिकाणी वेशीबाहेर, वारा आणि पाणी आधी गावाला मिळून मग आपल्याकडे येतील अशा बेतानं बसवलेली असे. गावाचा वास आपल्याकडे यावा, आपला तिकडे जाऊ नये. गावाचं सांडपाणी आपल्याकडे यावं, आपली सावलीही तिकडे पडू नये. वारा आणि उतार यांचा हिशेब जातीनं अणुशास्त्राच्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता. अणुयुगानं त्या तयार नकाशावर फक्त नवा माल ओतला.

आता मायापुरी. पश्चिम दिल्लीतला हा भंगाराचा मोठा बाजार. २०१० च्या सुरुवातीला दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र, गॅमा इरॅडिएटर, लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. यंत्र सुमारे चाळीस वर्षांपूर्वी परदेशातून आलेलं आणि १९८५ पासून वापराविना पडून होतं. मायापुरीत ते फोडलं गेलं. कोबाल्टचे तुकडे वेगवेगळ्या दुकानांत पोहोचले. एक तुकडा तर एका माणसाच्या पाकिटात गेला. एप्रिलच्या सुरुवातीला माणसं रुग्णालयात येऊ लागली: काळवंडलेली कातडी, गळलेले केस, खालावलेलं रक्त. त्यांतला एक कामगार २६ एप्रिल २०१० ला दगावला. चेर्नोबिलची तारीख दर वर्षी आठवणारे या तारखेजवळ थांबत नाहीत. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर सात पायऱ्या आहेत. मायापुरीची नोंद चौथ्या पायरीवर झाली.

एक हिशेब करून बघा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. चाळीस वर्षांत ते सात वेळा निम्मं होऊन आणखी उतरलं. म्हणजे ढोबळमानानं मूळ शक्तीच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास काहीतरी उरलं होतं. विद्यापीठानं वापरून, विसरून, जुनं करून टाकलेला तो उरलासुरला हिस्सा एका माणसाचा जीव घ्यायला पुरला. आपल्या वाट्याला सगळंच असं येतं: वापरलेलं, उतरलेलं, आणि तरीही मारायला पुरेसं.

माझ्या घरात दोन पिढ्या भंगाराचा धंदा होता. आजोबा हातगाडी फिरवायचे, वडिलांनी पुढे छोटं गोदाम टाकलं. त्यामुळे मायापुरीत काय झालं असेल हे समजायला मला अहवालाची गरज पडत नाही. माल आला की आधी चुंबक लावायचं. चिकटलं तर लोखंड. बीड वेगळं, पत्रा वेगळा. नाही चिकटलं तर डोळे चमकतात, कारण पितळ, तांबं, जर्मन, शिसं यांना भाव असतो. शिसं दिसलं की छिन्नी-हातोडा घेऊन ते सोलून काढायचं. गॅमा किरण अडवायला लावलेलं शिसं हीच त्या यंत्राची गोदामातली किंमत. ज्या थरानं प्राध्यापकांना वाचवलं, तोच थर सोलायचं काम भंगारवाल्याच्या पोटापाण्याचं. त्याचा यात काहीही गुन्हा नाही. त्याला तीन पाकळ्यांचं चिन्ह कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांना ते शिकवलं होतं, ज्यांच्याकडे पदव्या होत्या, त्यांनी सही करून ते विकलं.

कुणी म्हणेल, मायापुरीत भाजलेल्यांची जात काय होती ते सांगा, मग बोला. हा प्रश्नच उलटा आहे. एकेका माणसाचा दाखला मागायचं कारण नाही. काम कुणाचं ठरलेलं आहे ते बघा. कचरा, भंगार, गटार, मेलेलं ढोर, जळकं तेल, जुनी बॅटरी – दुसऱ्यानं टाकलेलं हातानं वेगळं करायची जी जी कामं या देशात आहेत, त्यांच्या तळाशी दलित, मुसलमान, भटके आणि पोटासाठी स्थलांतर करून आलेले लोक आहेत. जात नुसती कामं वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकावर एक रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. रसायनशास्त्र विभाग त्या उतरंडीत कुठे आणि मायापुरी कुठे, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. यंत्र वरून खाली आलं. पाणी येतं तसंच.

अगदी हेच आधी ब्राझीलमध्ये घडून गेलं होतं. सप्टेंबर १९८७ मध्ये गोयानिया शहरात एक सोडून दिलेलं खासगी रुग्णालय होतं. कर्करोगाच्या उपचाराचं यंत्र तिथेच टाकून मालक निघून गेले. भंगार गोळा करणाऱ्या दोघांनी ते काढून भंगारवाल्याला विकलं. आतली सीझियमची भुकटी अंधारात निळी चमकायची. चमकणारी वस्तू म्हणून ती नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली. सहा वर्षांच्या एका मुलीनं ती हाताला लावली आणि त्याच हातानं जेवली. २४९ माणसं दूषित आढळली. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. चौघं मेली, त्यांत ती मुलगी होती. ही भुकटीच सगळ्यांना आजारी पाडते आहे हे पहिल्यांदा कुणी ओळखलं? भंगारवाल्याच्या बायकोनं. ती पिशवीत घालून, बसमध्ये बसून आरोग्य कार्यालयात ती वस्तू घेऊन गेली. डॉक्टरांच्या आधी तिला समजलं. ती वाचली नाही.

आणि त्या मुलीच्या दफनाच्या वेळी शहरातले लोक जमले, दगड मारले. तिला शिशाच्या पेटीत ठेवलं होतं, तरी आमच्या स्मशानात नको म्हणाले. दूर ब्राझीलमधली ही गोष्ट वाचताना आपल्या कुणालाही अर्थ समजावून सांगावा लागत नाही. स्मशान वेगळं असणं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे.

इथेच मला विटाळाबद्दल बोलायचं आहे. विटाळ म्हणजे काय? न दिसणारं, वास नसलेलं, स्पर्शानं पसरणारं काहीतरी एका माणसाच्या अंगात आहे अशी समजूत. पाण्यातून जातं, सावलीतून जातं, भांड्याला चिकटतं, पिढीतून पिढीत उतरतं. हे काहीतरी कधीच अस्तित्वात नव्हतं. कुठलंही यंत्र ते मोजू शकणार नाही. तरी या समाजानं त्याच्यासाठी विहिरी वेगळ्या केल्या, रस्ते वेगळे केले, कप वेगळे केले. आता खरोखरच न दिसणारं, वास नसलेलं, पाण्यातून आणि भांड्यातून जाणारं विष आलं आहे. ते यंत्रानं मोजता येतं. तर त्यासाठी कुंपण घालायला, पाटी लावायला, विहीर तपासायला हाच समाज ‘पुरावा आणा’ म्हणतो. नसलेलं प्रदूषण तीन हजार वर्षं दिसत राहिलं. असलेलं दिसत नाही. नजरेत दोष नाही. नजर कुणाच्या सोयीनं उघडते आणि कुणाच्या सोयीनं मिटते, तो दोष आहे.

पुरावा मागण्याचा खेळ सगळ्यात नीट बघायचा तर झारखंडमध्ये जादूगोड्याला जायला हवं. पूर्व सिंहभूम जिल्हा, संथाळ आणि हो आदिवासींचा मुलूख. १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशाची पहिली युरेनियम खाण इथे चालू झाली. इथल्या खडकात युरेनियम एक हजार भागांत एक भागापेक्षाही कमी. म्हणजे हजार किलो खडक बाहेर काढा, दळा, आम्लात धुवा. हाताला येतो किलोभराहून कमी माल. त्याची पिवळी पूड हैदराबादला जाते. उरलेला सगळा दळलेला खडक गाळ होऊन नळांनी गावांशेजारच्या तळ्यांत सोडला जातो. आणि मूळ खडकातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता त्या गाळातच राहते, कारण थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ मागेच उरतात. वीज शहराला, पिवळी पूड हैदराबादला, आणि सोळाशे वर्षांचं अर्धायुष्य जादूगोड्याला.

रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याचं अर्धायुष्य पावणेचार दिवसांचं, तेवढ्यात तो वाऱ्यानं गावभर फिरतो. फुटल्यावर त्याचे पोलोनियमसारखे कण धुळीला चिकटतात आणि श्वासातून आत जातात. रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जगभरच्या खाणकामगारांवरच्या अभ्यासातून पक्कं झालेलं आहे. उन्हाळ्यात तळं सुकलं की गाळ उडतो. पावसाळ्यात भरलं की वाहतो. २४ डिसेंबर २००६ ला डुंगरीडीह गावाजवळ गाळाचा नळ फुटला आणि तासन्‌तास गाळ नाल्यात वाहत राहिला. त्याच्या दहा वर्षं आधी, जानेवारी १९९६ मध्ये, चाटीकोचा गावातली घरं नव्या तळ्यासाठी पोलीस बंदोबस्तात पाडली गेली. कामगार खाणीतले कपडे घरी नेत आणि बायका ते हातानं धुवत, ही तक्रार तिथलं आंदोलन वर्षानुवर्षं मांडत आलं आहे. १९९९ मध्ये श्रीप्रकाश यांनी ‘बुद्धा वीप्स इन जादूगोडा’ हा माहितीपट केला, तेव्हा कुठे देशातल्या शहरांना या गावाचं नाव कळलं.

मग आरोग्याचा प्रश्न आला. २००७ मध्ये इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट या संघटनेनं खाणीजवळची गावं आणि दूरची गावं यांची तुलना केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंग, वंध्यत्व आणि कर्करोग जास्त असल्याचं त्यांना आढळलं. कंपनी म्हणते, किरणोत्साराचा याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. सगळी काळजी घेतली जाते असं प्रतिज्ञापत्र सरकारनं दिलं आणि २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली. २०१४ मध्ये झारखंड उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. गाळ तिथेच आहे.

‘सिद्ध झालेलं नाही’ या तीन शब्दांची चिरफाड आपण, शिकलेल्यांनी, करायला हवी. एखाद्या बाईच्या गर्भाचं काय झालं आणि तळ्यातल्या रेडियमचा त्यात किती हात होता हे सिद्ध करायला काय लागतं? तिनं किती वर्षं किती मात्रा घेतली त्याची नोंद लागते. गावातल्या पाण्याची, धुळीची, माशांची दर वर्षीची मोजणी लागते. जन्म-मृत्यूची आणि आजारांची खात्रीची नोंदवही लागते. खाण सुरू होण्याच्या आधीची मोजणी लागते. हे सगळं कुणाच्या हातात होतं? कंपनीच्या, अणुऊर्जा विभागाच्या, सरकारी दवाखान्याच्या. आदिवासी बाईच्या हातात होतं ते तिचं मूल. ज्याच्याकडे सगळी यंत्रं, सगळ्या वह्या, सगळे शास्त्रज्ञ, त्यानं काहीच सिद्ध करायचं नाही. आणि जिच्याकडे काहीच नाही तिनं सगळं सिद्ध करायचं. वर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १८ नं सरकारला माहिती रोखून धरायचा अधिकार दिलेला होता. ज्ञान वर, पुराव्याचं ओझं खाली. ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. वेद ऐकायला बंदी आणि वेदाप्रमाणे शिक्षा, असाच तो जुना न्याय.

नियमन करणाऱ्यांचीही गोष्ट ऐका. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं. २०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी त्याचा हिशेब मांडला. ज्या यंत्रणेवर देखरेख करायची, त्याच यंत्रणेच्या हाताखाली हे मंडळ काम करतं, असा त्याचा निष्कर्ष होता. देशातल्या सत्तावन्न हजारांहून अधिक वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी सुमारे ९१ टक्के मंडळाच्या नोंदणीबाहेर असल्याचंही त्यात आहे. तालुक्याच्या गावात एका खोलीत एक्स-रे काढणारा, शिशाचा अंगरखा न घालता दिवसभर बटण दाबणारा मुलगा कोण असतो? आपल्यातलाच, आयटीआय किंवा सहा महिन्यांचा डिप्लोमा केलेला.

मात्रेची मर्यादा बघा. सामान्य नागरिकासाठी वर्षाला एक मिलीसीव्हर्ट. किरणोत्सारी कामातल्या माणसासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला वीस. म्हणजे कामगाराचं शरीर वीसपट सोसेल असं मानून नियम बनतो. ज्याला नोकरी, विमा, बिल्ला आणि पेन्शन आहे, त्याच्याबाबत निदान नोंद तरी होते. ठेकेदाराच्या माणसाचं काय? एकाची मर्यादा भरत आली की दुसरा आणायचा. प्रत्येक जण कागदावर सुरक्षित, आणि मात्रा मात्र बेरोजगारांच्या वस्तीभर पसरलेली. ठेका संपला की तो माणूस गावाला जातो. वीस वर्षांनी गाठ आली तर ती त्याच्या तंबाखूच्या नावावर जमा होते. आणि त्याच्या नोंदीत जातीचा रकाना नसतोच. म्हणून ‘किरणांना जात नसते’ हे वाक्य आकडेवारीनं खोडता येत नाही. आकडेवारीच तशी ठेवली आहे.

आता आक्षेप. तुम्ही विज्ञानाच्या विरोधात आहात का? कोबाल्टनं हजारो कर्करोगी बरे केले, त्यांत गरीबही आहेत. वीज नको का? मला दोन्ही मान्य आहे. आपल्या चळवळीचं विजेशी वैर कधीच नव्हतं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेपासून विजेच्या धोरणापर्यंतचं काम बाबासाहेबांनी केलं. आधुनिक यंत्र हे आपल्या लोकांना हाडं मोडणाऱ्या श्रमातून सोडवायचं साधन आहे, अशीच त्यांची दृष्टी होती. माझा प्रश्न यंत्राला नाही. यंत्राचा लाभ वर आणि यंत्राची राख खाली, या वाटपाला आहे. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली; वीज कुठे गेली आणि माणसं कुठे गेली, एवढं विचारणं विज्ञानविरोध असेल, तर जमाखर्च लिहिणंही विज्ञानविरोधच म्हणायला हवं.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा असतो. ‘आपल्यापुढे शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचार एवढे प्रश्न असताना हा अणूचा विषय कशाला?’ कारण हाही अत्याचाराचाच विषय आहे. फक्त आरोपी दिसत नाही आणि घाव वीस वर्षांनी उघडतो. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात निदान एफआयआर मागता येतो. फुप्फुसातल्या कणाविरुद्ध कुठल्या ठाण्यात जायचं?

मागायचं काय, तेही स्पष्ट बोलू. प्रत्येक विद्यापीठ, रुग्णालय आणि कारखान्यातल्या किरणोत्सारी साधनांची यादी जाहीर असावी. कुठलं यंत्र वापरात आहे, कुठलं पडून आहे, कुठलं कुणाला दिलं हे कुणालाही बघता यावं. भंगाराच्या प्रत्येक मोठ्या बाजारात किरणोत्सार मोजणारं यंत्र आणि ते चालवणारा पगारी माणूस असावा, आणि भंगार कामगारांना त्यांच्या भाषेत धोक्याचं चिन्ह शिकवलं जावं. ठेक्यावरच्या कामगाराच्या मात्रेची नोंद त्याच्या हातात मिळावी आणि ती ठेकेदार बदलला तरी पुसली जाऊ नये. त्या नोंदीत जात आणि जमात लिहिली जावी. जादूगोड्यासारख्या गावांत कंपनीच्या बाहेरच्या तज्ज्ञांकडून दर वर्षी पाणी, धूळ आणि आरोग्य तपासलं जावं आणि निकाल ग्रामसभेत वाचला जावा. आणि सिद्ध करायची जबाबदारी धोका निर्माण करणाऱ्यावर असावी.

यातलं काहीही आपोआप होणार नाही, आणि इथे मला तुमच्याशी, घरातल्या पहिल्या पदवीधरांशी, बोलायचं आहे. आपल्यातले बरेच जण समाजशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र, समाजकार्य शिकतात. ते हवंच. पण आपल्यातला कुणी आरोग्यभौतिकी शिकलेला असू दे. कुणी साथरोगशास्त्र शिकून दोन गावांची तुलना अशी करू दे की कुणाला ती झटकता येणार नाही. कुणी वकील होऊन पर्यावरणाच्या खटल्यात उभा राहू दे. आणि ज्यांची वाट आधीच ठरली आहे, त्यांनी निदान मिलीसीव्हर्ट वाचायला शिकावं. मला समाजशास्त्रातून तिथवर यायला दोन वर्षं लागली; अशक्य असं त्यात काही नाही. तुम्ही ज्या विद्यापीठात आहात तिथल्या जुन्या प्रयोगशाळांत काय पडून आहे आणि ते भंगारात कसं काढलं जातं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. विचारा. त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला छिन्नी घेऊन बसलेला माणूस तुमचा काका असू शकतो.

मोजणाऱ्या यंत्राला मात्र खरोखर जात नसते. ते मंत्र्याच्या बंगल्यातही तेवढंच वाजेल आणि डुंगरीडीहच्या विहिरीवरही तेवढंच. किरण निःपक्षपाती आहेत, म्हणूनच त्यांच्या वाटपातला पक्षपात मोजून दाखवता येतो. विटाळ मोजता येत नव्हता, म्हणून तो शतकानुशतकं टिकला. हे मोजता येतं. आजवर ते यंत्र आपल्या हातात नव्हतं, एवढंच.

जय भीम. जय जोहार.